पिस्तूल पुरवणारा गुन्हेगार ठरतो, देणेकरी का ठरत नाही? (दीर्घ थ्रेड)

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात ‘संगीत शारदा’चा प्रयोग होता. बदलून चाललेले जिल्हाधिकारी ए. एम. टी. जॅक्सन प्रयोगाला आले आणि गोळ्या सुटल्या. झाडणारा अनंत लक्ष्मण कान्हेरे हा औरंगाबादेत शिकणारा कोवळा विद्यार्थी होता.

आजचे छत्रपती संभाजीनगर त्या काळी निजामाच्या राज्यात होते. तेथील विद्यार्थ्याच्या हाती युरोपीय बनावटीचे ब्राउनिंग पिस्तूल आले कोठून, हा तपासाचा पहिला प्रश्न होता. उत्तर लंडनमध्ये सापडले. विनायक दामोदर सावरकरांनी वीस पिस्तुले पाठवली होती आणि इंडिया हाऊसमधील चतुर्भुज अमीन याने ती चोरकप्प्याच्या पेटीतून मुंबईत आणली होती.

कान्हेरे, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे यांना १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. सावरकरांना २३ डिसेंबर १९१० रोजी राजाविरुद्ध युद्ध पुकारल्याबद्दल जन्मठेप झाली. ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी जन्मठेप झाली, ती जॅक्सनच्या हत्येस साहाय्य केल्याबद्दल.

या निकालाचा राजकीय अर्थ शाळेतील मुलेही जाणतात. कायद्याच्या अंगाने तो क्वचितच वाचला जातो. गोळी सुटली तेव्हा पिस्तूल पाठवणारा हजारो मैल दूर होता. मध्ये समुद्र होता, वाहक होता, स्वतंत्र बुद्धीने चाप ओढणारा दुसरा माणूस होता. तरीही ‘शस्त्र पुरवणे’ आणि ‘मृत्यू’ यांतील साखळी न्यायासनाला तुटलेली दिसली नाही.

पारतंत्र्याविरुद्धचे क्रांतिकार्य आणि पैशासाठी चालणारा कट्ट्यांचा धंदा यांना कोणीही एका तागडीत तोलू नये. येथे तुलना माणसांची नाही. राज्यसंस्थेच्या वर्तनाची आहे. राज्यसंस्थेला आपल्यावर वार झाला असे वाटते तेव्हा पुरवठादारापर्यंत तिचा हात सातासमुद्रापार पोहोचतो. वार सामान्य माणसावर झाला की तोच हात आखडतो.

याचे मूळ १८७८ च्या शस्त्र कायद्यात आहे. लिटनच्या राजवटीतील त्या कायद्याचा हेतू उघड होता: १८५७ पुन्हा घडू नये. एतद्देशीयांना परवान्याची सक्ती, युरोपीयांना सूट. बंदुकीमुळे कोणाचे घर उद्ध्वस्त झाले तर त्याची भरपाई कोणी करावी, हा प्रश्न त्या कायद्याच्या मनातही नव्हता. परक्या सरकारकडून ती अपेक्षाही व्यर्थच.

पण १९५९ साली स्वतंत्र भारताच्या संसदेने नवा शस्त्र कायदा केला, तेव्हा वंशभेद गेला आणि मूळ दृष्टी तशीच राहिली. कलम ५ नुसार परवान्याशिवाय शस्त्रविक्रीस मनाई आहे. परवानाधारकाला स्वतःची बंदूक दुसऱ्या पात्र व्यक्तीस विकायची असेल तर जिल्हा दंडाधिकारी किंवा पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून पंचेचाळीस दिवस थांबावे लागते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर बेकायदा विक्रीला किमान सात वर्षे आणि कमाल जन्मठेप आहे. कलम ३२ खाली शस्त्रे आणि ती वाहून नेणारे वाहनही जप्त करता येते. शिक्षा कडक आहे, यात शंका नाही. जप्तीचा माल मात्र सरकारजमा होतो. गोळी लागलेल्या माणसाचे त्या विक्रेत्याकडे काही देणे निघते, असे सांगणारे एकही कलम या कायद्यात नाही.

एक काल्पनिक उदाहरण घ्यावे. शहागंजातील एक कमावता माणूस दुचाकीच्या धडकेत दगावला, तर त्याचे कुटुंब १९८८ च्या मोटार वाहन कायद्याखाली दावा प्राधिकरणाकडे जाते. विमा सक्तीचा असल्याने रक्कम मिळण्याचा संभव असतो. तो तुटून पडलेल्या वीजतारेने गेला, तर २००२ च्या शैलकुमारी खटल्यातील निकालानुसार वीज मंडळ ‘आमची चूक नव्हती’ असे म्हणून सुटू शकत नाही. तोच माणूस भरबाजारात गावठी कट्ट्याच्या गोळीने मेला, तर? कट्टा विकणारा सापडल्यास तुरुंगात जाईल. विधवेच्या हाती शासनाच्या पीडित भरपाई योजनेतून काही रक्कम पडेल, म्हणजे करदात्यांच्या पैशातून. ज्याने त्या कट्ट्यावर नफा कमावला त्याचा खिसा शाबूत! दुचाकीला त्रयस्थ विम्याची सक्ती आणि प्राण घेण्यासाठीच घडवलेल्या वस्तूला काहीच नाही, हा न्याय कोणत्या तर्कात बसतो?

दिवाणी कायदा याबाबत पूर्णपणे मुका आहे, असेही नाही. इंग्लंडमध्ये १८१६ साली ‘डिक्सन विरुद्ध बेल’ हा खटला झाला. बेलने भरलेली बंदूक आणण्यासाठी आपल्या अल्पवयीन मोलकरणीला धाडले. तिने खेळता खेळता ती डिक्सनच्या मुलावर रोखून चाप ओढला आणि मुलाचा डोळा गेला. चाप बेलने ओढला नव्हता. उलट बंदूक निर्धोक करून द्यावी असा निरोपही त्याने पाठवला होता. तरी भरपाई त्यालाच द्यावी लागली, कारण घातक वस्तू नको त्या हाती जाऊ देणे हाच दोष. दिवाणी अपकृत्यांच्या बाबतीत भारतीय न्यायालये याच परंपरेचा आधार घेत आली आहेत.

याहून महत्त्वाचा आपल्याकडचा १८५५ चा प्राणघातक अपघात कायदा. नावात ‘अपघात’ असला तरी मृत्यू गुन्ह्यातून झाला असला, तरीही पती, पत्नी, आईवडील आणि मुले यांच्यासाठी नुकसानभरपाईचा दावा करता येतो, असे तो स्पष्ट म्हणतो. आजही तो अमलात आहे. मग विक्रेत्यांवर दावे का होत नाहीत?

कारण मुदत. १९६३ च्या मुदत कायद्याच्या ८२ व्या अनुच्छेदाप्रमाणे असा दावा मृत्यूपासून दोन वर्षांत दाखल करावा लागतो. आता मे २००६ मधील औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण आठवावे. चांदवड-मनमाड मार्गावर दहशतवादविरोधी पथकाने पाठलाग करून गाडी पकडली आणि पुढील तपासात एके-४७ रायफली, हजारो काडतुसे व आरडीएक्स हाती लागले. विशेष मकोका न्यायालयाने बारा जणांना दोषी ठरवले ते २०१६ साली. तो साठा वेळीच पकडला गेला हे सुदैव. पण शस्त्र कोणी कोणास पुरवले हे सिद्ध व्हायला दहा वर्षे लागतात आणि विधवेने त्या पुरवठादाराला दोन वर्षांत ओळखून, कोर्ट फी भरून दावा लावावा, अशी कायद्याची अपेक्षा आहे!

फौजदारी न्यायालयाला भरपाई देववण्याचा अधिकार आहे, हे खरे. ‘अंकुश शिवाजी गायकवाड विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या २०१३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येक खटल्यात भरपाईचा विचार झालाच पाहिजे, असेही बजावले. परंतु विचार करणे बंधनकारक, रक्कम देववणे ऐच्छिक. शिवाय विक्रेत्यावर खटला केवळ शस्त्र कायद्याखाली चालला, तर मृताचे कुटुंब त्या खटल्यात समोर येतेच असे नाही.

विरोधकांचा मुद्दा असा की, कट्टे विकणारे कफल्लक. हुकूमनामा मिळाला तरी वसुली कशाची करणार? सातपुड्याच्या पायथ्याच्या उमर्टीसारख्या गावांची नावे पोलिसांच्या कारवायांत येतात, तेथील भट्टीवरच्या कारागिराकडे खरोखरच फारसे काही नसेल. पण नफा कारागिरापाशी थांबत नाही. मधल्या दलालांच्या गाड्या, जमिनी आणि फ्लॅट असतात. परवानाधारक दुकानातून हिशेबाबाहेर गेलेली काडतुसे तर कफल्लकाने विकलेली नसतातच.

अमेरिकेचा दाखला येथे नेहमी उलटा दिला जातो. तेथे २००५ च्या कायद्याने शस्त्र उत्पादक आणि विक्रेत्यांना दिवाणी दाव्यांपासून संरक्षण दिले आणि जून २०२५ मध्ये मेक्सिकोचा दावा सर्वोच्च न्यायालयाने एकमताने फेटाळला. पण त्याच कायद्यात विक्रीचे नियम जाणूनबुजून मोडणाऱ्यांसाठी अपवाद ठेवलेला आहे. अपवादाच्या त्याच फटीतून सँडी हूक शाळेतील मृतांच्या कुटुंबांचा दावा पुढे सरकला आणि २०२२ मध्ये रेमिंग्टन कंपनीच्या विमेदारांनी ७ कोटी ३० लाख डॉलर देऊन तडजोड केली. बंदुकीला जवळपास पूज्य मानणाऱ्या देशातही बेकायदा विक्रेत्याला पूर्ण अभय नाही.

भारतात करावयाचे फार थोडे आहे. शस्त्र कायद्यात एक कलम घालावे की, बेकायदा विकलेल्या किंवा हस्तांतरित केलेल्या शस्त्राने झालेल्या मृत्यूस वा इजेस विक्रेता आणि मधला प्रत्येक हस्तक भरपाईस संयुक्तपणे जबाबदार राहील. दोन वर्षांची मुदत मृत्यूच्या तारखेपासून नव्हे, तर पुरवठादार दोषी ठरल्याच्या दिवसापासून मोजावी. आणि कलम ३२ खाली जप्त झालेले वाहन लिलावात विकले की त्या पैशावर पहिला हक्क सरकारी तिजोरीचा नसून गोळी लागलेल्या घराचा असावा.