निर्वाद्य समूहगान आणि भाषेचा प्रश्न

साहित्याच्या तौलनिक अभ्यासात लोकगीताला जागा मिळाली त्याला आता बराच काळ लोटला. चित्रपटगीतालाही, थोडी कुरकुर करीत का होईना, विद्यापीठांनी दाराच्या आत घेतले. परंतु खुद्द विद्यापीठाच्या आवारात, कमानींखाली आणि वसतिगृहांच्या जिन्यांवर जे गाणे गायिले जाते, त्याकडे विद्यापीठातल्या अभ्यासकाची नजर सहसा वळत नाही. अमेरिकन महाविद्यालयांतील निर्वाद्य समूहगान, ज्याला तिकडे ‘अ कापेला’ म्हणतात, हा असाच एक दुर्लक्षित विषय होय. मूळ इटालियन शब्दप्रयोगाचा अर्थ ‘प्रार्थनामंदिराच्या रीतीने’ एवढाच आहे. आज या गाण्याचा प्रार्थनेशी संबंध फारसा उरलेला नाही. दहापंधरा मुलेमुली, आरंभीचा सूर देणारी एक लहानशी पिपाणी, आणि वाद्यांचे सगळे काम गळ्यांनीच करायचे हा हट्ट, एवढ्यावर तो संसार चालतो.

शिशिर सत्र सुरू झाले की या मंडळांच्या निवडचाचण्या होतात. एकाच विद्यापीठात अशी कितीतरी मंडळे असतात आणि चांगल्या आवाजाच्या नवागतासाठी त्यांच्यात चुरस लागते. वर्षभर आठवड्यातून अनेक संध्याकाळी सराव, आणि उन्हाळ्याची दीर्घ सुटी लागली की दौरा. हार्वर्डचे ‘क्रोकोडिलोज’ हे १९४६ मध्ये स्थापन झालेले बारा गायकांचे मंडळ उन्हाळाभर देशोदेशी हिंडते. येलचे ‘व्हिफनपूफ्स’ हे १९०९ पासून चालत आलेले चौदा गायकांचे मंडळ; त्यातले बहुतेक सभासद अलीकडच्या काळात जगप्रवासासाठी शिक्षणाला वर्षभर विराम देतात. या प्रवासांत हुकलेली विमाने, अनोळखी घरांतले मुक्काम, बसलेले घसे आणि जुळलेल्या मैत्र्या हे सारे असते, आणि ते सांगण्याची मंडळांना हौसही असते. त्या हकिगती मनोरंजक आहेत. पण साहित्याच्या अभ्यासकाने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. ही मुले प्रवासाला निघतात तेव्हा त्यांच्या गाण्यातले शब्द कोठून आलेले असतात, आणि वाटेत त्यांचे काय होते?

या बाबतीत व्हिफनपूफ्स मंडळाचे स्वतःचे गीत हा उत्तम नमुना आहे. मंडळाचे नाव व्हिक्टर हर्बर्टच्या १९०८ मधील एका संगीतिकेत आलेल्या काल्पनिक प्राण्याच्या नावावरून घेतले; म्हणजे नावापासूनच थट्टा. गीत मात्र रडयार्ड किपलिंगच्या ‘जंटलमेन-रँकर्स’ या कवितेवर बेतलेले आहे. किपलिंगचा जन्म १८६५ चा, मुंबईचा, आणि तोही सर जमशेदजी जीजीभाई कलाशाळेच्या आवारातला. मराठी वाचकाला त्याच्याविषयी जो थोडा राग आणि थोडी आपुलकी वाटते, त्याचे एक कारण हे असावे. त्या कवितेतले सैनिक खानदानी घरांतले आहेत. पण घसरत घसरत साम्राज्याच्या फौजेत साधे शिपाई होऊन पडलेले आहेत. घरी परतण्याचे तोंड नाही आणि पुढे आशा नाही. वाट चुकलेल्या मेंढरांची प्रतिमा तेथे आत्मनिंदेची आहे. येलच्या विद्यार्थ्यांनी तीच प्रतिमा उचलली, लष्करी बरॅक काढून टाकली आणि तेथे न्यू हेवनमधले आपले नेहमीचे खानपानगृह, ‘मोरीज’, आणून बसवले. ज्यांचे आयुष्य जन्मतःच रुळावर आहे अशा मुलांनी पेला हाती घेऊन स्वतःला वाट चुकलेले म्हणवून घ्यायचे! रूडी व्हॅलीने १९३७ मध्ये ते ध्वनिमुद्रित केले आणि ते सर्वतोमुखी झाले. लक्षावधी श्रोत्यांना त्यामागच्या वसाहती फौजेची पुसटशीही जाणीव उरली नाही.

हे भाषांतर नव्हे, कारण भाषा एकच आहे. विडंबन म्हणावे तर मूळ कवितेची टर उडवण्याचा हेतू नाही. एका समाजाचे दुःख दुसऱ्या समाजाची लाडिक उदासी होऊन बसते, अशा या रूपांतराला मराठी समीक्षेत नेमके नाव नाही. ते असायला हवे, कारण ही प्रक्रिया समूहगानात वारंवार घडते. गीत हाती आले की मंडळाचा रचनाकार आधी त्याचे स्वर पाहतो. शब्दांचा इतिहास पाहण्याचे त्याला कारण पडत नाही.

त्याच भूमीवर याच्या अगदी उलट उदाहरणही आहे, आणि ते कालदृष्ट्या आधीचे आहे. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे गुलामगिरीतून मुक्त झालेल्यांसाठी १८६६ मध्ये फिस्क विद्यापीठ सुरू झाले आणि लवकरच कर्जात बुडू लागले. ऑक्टोबर १८७१ मध्ये संस्थेचे खजिनदार जॉर्ज व्हाइट यांनी नऊ विद्यार्थ्यांचे एक गायकपथक घेऊन निधी जमवण्यासाठी प्रस्थान ठेवले. त्या नवांपैकी बहुतेकांचा जन्म गुलामगिरीतला होता. ‘जुबिली सिंगर्स’ हे नाव घेतलेल्या या पथकाने १८७३ मध्ये इंग्लंडात व्हिक्टोरिया राणीसमोर गायन केले. त्यांच्या कमाईतून विद्यापीठाची जुबिली हॉल ही इमारत उभी राहिली. आपल्या आईबापांची भक्तिगीते परक्या श्रोत्यांपुढे म्हणायला ही मुले आरंभी तयार नव्हती, ही गोष्ट साहित्याच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ती गीते त्यांना पवित्र होती, आणि ज्या काळाची आठवण पुसून टाकायची त्या काळाशी जखडलेलीही होती. म्हणजे गाण्यातला शब्द कोठून आला हे या गायकांना पुरते ठाऊक होते. ते माहीत असूनही त्यांनी ती गीते गायिली, आणि १८७२ मध्ये ती छापूनही निघाली. मौखिक परंपरेतले एक अख्खे दालन विद्यार्थ्यांच्या दौऱ्यामुळे ग्रंथस्थ झाले, असे साहित्येतिहासात क्वचितच घडले असेल. पुढे फ्रेडरिक लाउडिन याच्या नेतृत्वाखाली, विद्यापीठापासून स्वतंत्र झालेले हे पथक १८८४ ते १८९० या काळात जगप्रवासाला निघाले आणि भारतातही आले. किपलिंगची ती कविता तेव्हा ग्रंथरूपाने यायची होती. ज्या हिंदुस्थानातल्या फौजी जीवनावर त्याने नाव मिळवले, त्याच हिंदुस्थानात दास्यमुक्त गायक आपली गाणी म्हणून गेले. भारतीय साहित्याच्या इतिहासात पहिल्याची नोंद ठळक आहे. दुसऱ्याची जवळजवळ नाही.

आता तिसऱ्या, म्हणजे आजच्या प्रवाहाकडे वळावे. १९९६ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील भारतीय वंशाच्या विद्यार्थ्यांनी ‘पेन मसाला’ हे मंडळ काढले. दक्षिण आशियाई गीते निर्वाद्य पद्धतीने गाणारे ते पहिले मंडळ मानले जाते. पुढे इतर विद्यापीठांतूनही अशी मंडळे निघाली. स्टॅनफर्डचे ‘रागापेला’ २००२ चे. पेन मसालाने २००९ मध्ये व्हाइट हाउसच्या दिवाळीत गायन केले, २०१५ च्या ‘पिच पर्फेक्ट २’ या चित्रपटात ते झळकले, आणि जून २०२३ मध्ये भारताच्या पंतप्रधानांच्या स्वागतासाठी ते पुन्हा व्हाइट हाउसमध्ये उभे राहिले. या मंडळांची लाडकी रीत अशी की एक इंग्रजी लोकप्रिय गीत आणि एक हिंदी चित्रपटगीत एकमेकांत गुंफायचे. इंग्रजी ओळ संपते न संपते तोच हिंदी ओळ तिच्या खांद्यावरून पुढे येते. ऐकायला ते गोड वाटते, आणि गाणाऱ्यांचा कसही खरा असतो. त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही.

शुद्धतावादी मंडळी या मिश्रणावरच आक्षेप घेतील. तो आक्षेप टिकणारा नाही. केरळातील मणिप्रवाळाने संस्कृत आणि देशभाषा यांची माळ एका दोऱ्यात ओवली. रेख्ता हा शब्दच मिश्रणाचा वाचक आहे. आणि मराठीत तर खुद्द एकनाथांनी ‘हिंदू-तुर्क संवादा’त तुर्काच्या मुखी दखनी आणि हिंदूच्या मुखी मराठी घालून दोन भाषा समोरासमोर उभ्या केल्या. तेव्हा दोन भाषा एका गीतात आल्या म्हणून काही बाटले असे मानणाऱ्याने आपलीच परंपरा नीट वाचलेली नाही.

खरा प्रश्न त्यापुढचा आहे. एकनाथांच्या संवादात दोन भाषा एकत्र येतात त्या भांडण्यासाठी. एक दुसरीला अडवते, खोडते, टोमणा मारते, आणि शेवटी जे सख्य होते ते त्या भांडणातून मिळवलेले असते. दुहेरी गुंफणीच्या गीतात दोन भाषा एकत्र येतात त्या दोन्ही गीतांची स्वरसंगती जुळते म्हणून. विरहाचे हिंदी गीत आणि मौजेचे इंग्रजी गीत एकाच स्वरक्रमावर बसले की काम झाले. ओळी शेजारी बसतात, पण एकमेकींशी बोलत नाहीत. पेनसिल्व्हेनियातल्या मुलाच्या मनात या दोन भाषांमध्ये जो ताण असेल, म्हणजे घरची भाषा धड येत नाही आणि बाहेरची पुरती आपली वाटत नाही, तो ताणच ही गोड स्वरसंगती झाकून टाकते. व्हिफनपूफ्सच्या गीतात जे किपलिंगच्या शिपायाचे झाले, तेच येथे गायकाच्या स्वतःच्या अनुभवाचे होते. फरक इतकाच की तेथे दुःख परक्याचे होते.

याला आणखी एक बाजू आहे. या गायनप्रकारात एक जण शब्द गातो. बाकीचे ‘डूम’, ‘दा’, ‘जिन’ अशी अक्षरे उच्चारून वाद्यांची जागा भरून काढतात. निरर्थक अक्षरांचे भारतीय रसिकाला वावडे नाही. तराणा आहे, नोमतोम आहे, कर्नाटक पद्धतीतले कोनक्कोल आहे. पण तराण्यात प्रमुख गायकच अर्थ बाजूला ठेवतो, आणि तो स्वखुशीने. येथे चौदापैकी तेरांच्या वाट्याला अर्थ येतच नाही. दिंडीतला टाळकरी प्रत्येक वेळी अख्खे ध्रुपद उचलतो. अभंग त्याला पाठ होतो तो त्यामुळे. (आषाढीची वाट चालण्याचे दिवस आणि अमेरिकन विद्यार्थ्यांच्या उन्हाळी दौऱ्यांचे दिवस एकच असतात, हा निव्वळ पंचांगाचा योगायोग.) घरात भाषा विरत चाललेल्या पिढीला गाण्यातून भाषा मिळवायची असेल, तर बहुतेकांना केवळ अक्षरे देणारी ही वाटणी तपासून पाहायला हवी.

आणि ही भाषा म्हणजे प्रायः एकच भाषा. अमेरिकेतील भारतीय घरांत तेलुगू, गुजराती, तमिळ, पंजाबी, मलयाळम, बंगाली, मराठी सारेच बोलले जाते. पण मंचावर ‘भारतीय’ म्हणून उभे राहायचे म्हटले की भांडवल हिंदी चित्रपटगीताचे. इतर भाषा आल्या तर तोंडी लावण्यापुरत्या. याचा दोष त्या मुलांवर लादणे अन्यायाचे आहे. सर्वांना ठाऊक असलेले दुसरे काही त्यांच्या हाती नाही, आणि ते त्यांच्या हाती देण्याचे काम ज्यांचे होते त्यांनी ते केलेले नाही. उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून काम करीत आहे, त्याची अधिवेशने गजबजलेली असतात. पण त्या मंचावर मराठी हा घरगुती सोहळ्याचा भाग राहतो. महाविद्यालयातल्या मुलाने ती मित्रांसमोर, अमराठी श्रोत्यांसमोर कशी गावी, याचा विचार तेथून फारसा झालेला दिसत नाही.

भारतात याचे उत्तर शोधण्याचे प्रयत्न झाले होते, हे विसरता कामा नये. सलील चौधरी यांनी मुंबईत बॉम्बे यूथ क्वायर उभारला. १९५८ मध्ये रूमा गुहा ठाकुरता यांनी कोलकात्यात तसाच उपक्रम हाती घेतला. चेन्नईत एम. बी. श्रीनिवासन यांनी युवक गायकवृंद बांधला आणि अनेक भारतीय भाषांतली गीते त्याला शिकवली. त्या वृंदातला प्रत्येक गायक प्रत्येक भाषेचे शब्द गात असे, ते समजून घेऊन गात असे. या चळवळीमागे इप्टाचा राजकीय आवेश होता, त्यामुळे काही गीते आज घोषणेसारखी वाटतात हे खरे. तरीही भारतीय भाषांचे अनेकत्व एका मंचावर ऐकू आणण्याची जी जिद्द तेथे होती, ती आजच्या झगमगत्या मंडळांत नाही. आश्चर्य म्हणजे भारतीय साहित्याच्या विभागांनीही त्या गीतसंग्रहांचा अभ्यासक्रमात उपयोग केला नाही.

आजही मार्ग बंद नाही. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेच्या पुण्यातील वर्गांत परदेशी विद्यार्थी मराठी शिकत आले आहेत. त्यांतला एखादा परतल्यावर गायकमंडळात जात असेल, तर त्याच्या हाती काय द्यायचे, हे मराठीच्या अध्यापकांनी ठरवले पाहिजे. चित्रपटगीताची नक्कल नको, आणि कवितेचे पुस्तक नुसते पुढे सरकवूनही भागणार नाही. छंदाची फोड करून, उच्चारासह, अर्थासह द्यायला हवे. दुसरे काम जपणुकीचे. या मंडळांत पिढी चार वर्षांची असते. ध्वनिमुद्रण मागे राहते. पण गीताची रचना, कोणत्या ओळीला कोणती ओळ का जोडली यावरचा वाद, गाळलेले कडवे, हे सारे पदवीबरोबर निघून जाते. फिस्कच्या गीतांना १८७२ मध्ये जो लेखनिक लाभला, तो या द्विभाषिक गीतांना अद्याप लाभलेला नाही.

छंदाचेच एक उदाहरण पाहावे. मोठ्या अभंगाचे पहिले तीन चरण सहा-सहा अक्षरांचे आणि चौथा चार अक्षरांचा. चार समान मापांत विचार करण्याची सवय असलेल्या रचनाकाराला तो चौथा चरण आखूड वाटेल, आणि तो एखादे अक्षर ताणून जागा भरू पाहील. पण ती जागा मोकळी आहे ती उगीच नव्हे. दिंडीत तेथे टाळ वाजतो आणि मागचे टाळकरी ध्रुपद उचलायला श्वास घेतात. टाळ न घेता गाणाऱ्या मंडळाने त्या दोन अक्षरांच्या जागेत ‘डूम’ म्हणावे, गप्प राहावे, की तेथे दुसऱ्या भाषेतला एक प्रश्न घालावा, याचा प्रयोग एखाद्या सुटीत करून पाहण्याजोगा आहे.