पाढे घोकायचे की खेळायचे?



परवा मंडळात एकीने कौतुकाने सांगितले, "नातवाचे पंधरापर्यंत पाढे पाठ!" मी त्याला विचारले, "चार डब्यांत सहा-सहा लाडू, एकूण किती?" पोरगा आजीच्या तोंडाकडे बघत राहिला. पाढा जिभेवर होता, डोक्यात नव्हता.

मला हसायचा अधिकार नाही. मी बी.कॉम.; तरी आठाचा पाढा चुकला म्हणून मुलाला चापट मारली होती. आज तो चाळिशीचा आहे, अजून हिशेब टाळतो.

डोळे उघडले आहुप्यात. डिंभे धरणाच्या पलीकडे, सह्याद्रीच्या कड्यावरचे हे गाव. उन्हाळ्यात तिथे अंगणात हिरडा वाळत असतो. ओट्यावर आजी हिरडा निवडत होती, नात त्याच्या ओळी मांडत होती: सहा-सहाच्या चार. मग ती उठून दुसऱ्या बाजूला बसली आणि ओरडली, "आता चार-चाराच्या सहा!" हिरडा एकही हलला नव्हता. सहा चोक आणि चार सक एकच, हे तिला कुणी घोकवले नव्हते.

"आम्ही घोकूनच शिकलो की!" म्हणाल. खरे आहे. पण आपण दीडकी म्हणायचो तेव्हा दुकानात तराजू समोर असायचा. दीड किलो साखरेला ती लगेच कामाला यायची. आता बिल यंत्र काढते, आणि पोरांकडे उरते नुसते घोकणे. पाठांतर सोडा असे मी म्हणत नाही. ते दुसरे पाऊल आहे, पहिले नव्हे.

आपल्या जैन परंपरेत तर गुणाकाराचे कौतुकच आहे. नवव्या शतकातल्या महावीराचार्यांनी 'गणितसारसंग्रहा'त दोन्हीकडून सारख्याच वाचता येणाऱ्या गुणाकारांना कंठाभरण म्हटले. 139 गुणिले 109 करून पाहा: 15151. त्यांनी ज्याचा दागिना केला, त्याची आपण शिक्षा केली!

आणि नवकार मोजताना आपण काय करतो? उजव्या हाताची बारा पेरे, अशी नऊ आवर्तने. जप झाल्यावर नातवाला जवळ घ्या. तुम्ही बारा पेरे मोजा, त्याने एक बोट उघडावे आणि सांगावे: बारा, चोवीस, छत्तीस.

हजारो रुपयांच्या क्लासआधी एवढे करा. आज रात्री त्याच्यासमोर चोवीस चिंचोके ठेवा. सारख्या ओळी किती तऱ्हांनी होतात? मग एक काढून घ्या. तेवीस एकाच ओळीत का बसतात, हे त्याला शोधू द्या. उत्तर सांगायची घाई तेवढी करू नका.