वाडीला थीम उसनी आणू नका



शहर सुशोभीकरणाचा निधी आला की पुढे काय होते ते आता ठरून गेले आहे. वेशीवर सिमेंटची कमान, चौकात फायबरचा मासा, पाण्याकाठी ‘आय लव्ह’ची लाल अक्षरे. झाली थीम तयार! सावंतवाडीच्या नशिबी हेच येणार असेल, तर त्याआधी संबंधितांनी गाडी बाजूला लावून मोती तलावापासून चितारआळीपर्यंत एकदा पायी जावे.

तलाव, काठावरचा राजवाडा आणि काही मिनिटांच्या चालीवर लाकडी खेळण्यांची आळी. एवढे एकत्र असलेली गावे महाराष्ट्रात किती आहेत? राजवाड्यात आजही गंजिफाचे पत्ते हाताने रंगवले जातात. दशावतारी संचात दहा अवतारांची प्रत्येकी बारा, अशी 120 गोल पाने. आळीत रंगीत फळे, भातुकली, पाट. फिरत्या लाकडाला लाखेची कांडी टेकवली की घर्षणाच्या उष्णतेनेच रंग वितळून अंगावर चढतो. मूल ते बघत उभे राहिले की हलायला तयार नसते. पण त्याने उभे राहायचे कुठे? दुकानासमोर दुचाक्यांची रांग, पाठीमागे हॉर्न. आई त्याला दंडाला धरून ओढते आणि गिऱ्हाईक गेले.

यावर उपाय म्हणजे हा रस्ता काही वेळ फक्त चालणाऱ्यांसाठी ठेवणे. रस्ता वाहनांना बंद केला तर धंदा बसेल, ही व्यापाऱ्यांची भीती खोटी नाही. तिला चेष्टेवारी नेऊ नये. किराणा, हार्डवेअर यांची गिऱ्हाइके गाडीवरूनच येतात. म्हणून सगळी बाजारपेठ बंद करा असे माझे म्हणणे नाही. तलाव ते आळी एवढाच पट्टा, तोही शनिवार-रविवारी संध्याकाळी पाच ते नऊ. माल सकाळी उतरवावा, रिक्षा दोन्ही टोकांना उभ्या राहाव्यात, आजारी माणसाची आणि तिथे राहणाऱ्याची गाडी सोडावी. पुण्यात लक्ष्मी रस्त्यासारखा रस्ता 2021 पासून 11 डिसेंबरच्या पादचारी दिनाला वाहनांना बंद ठेवतात. वाडीला चार तास जड जाऊ नयेत.

मुळात झाराप–पत्रादेवी मार्ग झाल्यापासून मुंबई–गोवा महामार्गाची वाहतूक गावाबाहेरून जाते. पूर्वी गोव्याला जाणारा माणूस चहाला थांबायचा आणि लेकरासाठी खेळणे घेऊन जायचा. आता तो मुद्दाम वळल्याशिवाय येणार नाही, आणि मुद्दाम वळायचे तर पार्किंग शोधत फिरण्यापेक्षा बरे काहीतरी त्याला मिळायला हवे. मोपा विमानतळ सुरू झाल्यापासून माणसे हाकेच्या अंतरावर उतरत आहेत. ती गोव्यात जातात, वाडीत येत नाहीत.

थीम घरात शिरली तर टिकते. भिलारला 2017 मध्ये पुस्तकांचे गाव झाले तेव्हा पुस्तके गावकऱ्यांच्या घरांतून, पडव्यांतून मांडली गेली. त्यामुळे पाहुणा घरी येतो. आपल्याकडेही नव्या शिल्पदालनापेक्षा कारागिराला दुकानाच्या ओटीवर काम करता येईल एवढी जागा आणि सावली द्यावी. मात्र पणजीच्या फोंतेन्यशमध्ये लोकांच्या दारात फोटो काढणाऱ्यांनी रहिवाशांना जेरीस आणले आहे, तेही विसरू नये. माडीवर राहणारे कुटुंब वैतागून बाहेर गेले आणि खाली टी-शर्टचे दुकान आले, तर आळी नावापुरती उरेल. म्हणून नियम ठरवताना आधी आळीकरांना विचारा, सल्लागार कंपनीला नंतर.

फरशीबद्दल तर हात जोडून सांगतो. चार महिने पाऊस झोडपणाऱ्या गावात चकचकीत टाइल म्हणजे शेवाळ आणि मोडलेले खुबे. खडबडीत दगड घाला, गटारे आधी करा, आणि दुकानांपुढे एकसलग छप्पर काढा, म्हणजे जुलैतही छत्री मिटून चालता येईल. आमच्या म्हाताऱ्यांना तलावावर फेरी मारायची असते, त्यांना याचा उपयोग पर्यटकांच्या आधी होईल.

पाऊस सरला की नोव्हेंबरपासून दोन महिने प्रयोग करून पाहावा. त्यासाठी मोठा निधी लागत नाही, काही बॅरिकेड आणि पोलिस पुरेत. जो निधी आहे त्यातून आळीच्या तोंडाशी स्वच्छ, पाण्याची सोय असलेले महिलांचे स्वच्छतागृह बांधावे. कमानीचे नंतर बघू.

– एक वाचक, सावंतवाडी