टी-कनेक्टर काढून फेका

माझ्या टेबलावर वर्षभरापासून एक बहिरा रेडिओ सेट पडून आहे. बटण दाबलं की दिवे लागतात, आकडे उजळतात, माइक उचलून बोललो तर शंभर वॅट बाहेरही जातात. ऐकू मात्र काही येत नाही. संध्याकाळी चाळीस मीटरचा बँड गजबजलेला असतो, शेजारच्या सेटवर लांबलांबची माणसं खणखणीत ऐकू येतात आणि या सेटमधून नुसती खरखर. त्याचा रिसीव्हर विजेने जळाला नाही, म्हातारपणाने गेला नाही. तो एका टी-कनेक्टरने जाळला.

पावसाळ्याच्या तोंडावर एक हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, मित्र आपला सेट घेऊन गुडीहत्नूरला माझ्याकडे आला. माझा लिनिअर, म्हणजे अँप्लिफायर, त्याला स्वतःच्या सेटवर चालवून बघायचा होता. माझा सेट लिनिअरला जोडलेलाच होता आणि चालू होता. त्याने खिशातून टी-कनेक्टर काढला, लिनिअरच्या इनपुटला फिरवून बसवला, एका अंगाला माझी केबल, दुसऱ्या अंगाला त्याची. पीटीटीच्या, म्हणजे बोलायचा हुकूम देणाऱ्या, दोन वायरी दातांनी सोलून एकमेकींत पिळल्या. मी म्हटलं, ''भाऊ, असं नको.'' तो म्हणाला, ''वीस वर्षं असंच करतोय. चालतंय की.'' मी गप्प बसलो. ती माझी चूक, मी ती झाकणार नाही. त्याने माइक दाबला, लिनिअरचा रिले टक् करून वाजला आणि त्याच क्षणी माझ्या सेटचा सिग्नल मोजणारा एस-मीटर उजव्या टोकाला जाऊन आदळला. त्यानंतर तो काटा पुन्हा हलला नाही.

हा लेख त्या ''चालतंय की'' विरुद्ध आहे.

एका लिनिअरला दोन-तीन सेट जोडायला माझा विरोध नाही. गरज खरी आहे. हॅमकडे सेट साठत जातात. एक जुना, हाताला बसलेला. एक नवा, कॉम्प्युटरला जोडून डेटा मोड चालवायला. एखादा स्वतः जुळवलेला, हैदराबादच्या अशर फरहान यांच्या बिटेक्ससारखा, ज्याने सहा-सात वॅटमध्ये आपल्याकडच्या कितीतरी लोकांना सोल्डरिंग गन हातात धरायला लावली. लिनिअर मात्र महाग, जड आणि घरात एकच. तेव्हा तो वाटून घ्यायचा हे ओघाने आलंच. पण वाटून घेणं म्हणजे एकत्र पिळणं नव्हे, एवढी साधी गोष्ट परवाना मिळवलेल्या माणसांना सांगावी लागते, याची मला चीड येते.

आधी आकडे बघा. आपला रिसीव्हर ज्याला जोरदार म्हणतो तो एस-नाइनचा सिग्नल म्हणजे ५० मायक्रोव्होल्ट. शंभर वॅटचा सेट ५० ओहमच्या केबलवर सुमारे ७० व्होल्ट ठेवतो. दोहोंत चौदा लाख पटींचा फरक आहे. टी-कनेक्टरमध्ये या दोघांना वेगळं ठेवणारं काहीच नसतं, ते पितळेचं एक तिठं आहे. त्यातून एक सेट बोलतो तेव्हा दुसऱ्याच्या कानात तो थेट ओततो. शिवाय ५० ओहमच्या दोन वाटा समांतर आल्या की लिनिअरचं इनपुट जुळत नाही, बोलणाऱ्या सेटलाही एसडब्ल्यूआर, म्हणजे परत फिरणाऱ्या पॉवरचं माप, वाढलेला दिसतो. म्हणजे एक जळतो आणि दुसरा धापा टाकतो.

काही जण म्हणतील, आम्ही टी लावत नाही, स्विच लावतो. कोणता स्विच? बाजारात मिळणारा स्वस्तातला स्विच तारा बदलतो, पण आतल्या आत गळतो. तीस डेसिबलचाच अडसर असेल तर शंभर वॅटमधला दशांश वॅट बंद केलेल्या तोंडावर पोचतो, आणि दशांश वॅट नाजूक रिसीव्हरला पुरेसा घातक आहे. साठ डेसिबलचा अडसर असेल तर तीच गळती वॅटच्या दहा हजाराव्या भागावर येते, तेव्हा सेट सुरक्षित. स्विचच्या कागदावर हा आकडा नसेल तर तो घेऊ नका. चकचकीत नॉब बघून पैसे मोजणाऱ्यांनी उद्या सेट जळाल्यावर नशिबाला बोल लावू नये.

ही झाली सिग्नलची तार. दुसरी तार पीटीटीची. सेट बोलायला लागला की ही तार जमिनीला टेकते आणि लिनिअरचा रिले ओढला जातो. आमच्या लोकांचा सगळ्यात मोठा निष्काळजीपणा इथे आहे, कारण या तारेतून सिग्नल जात नाही म्हणून तिला कोणी मोजतच नाही. दोन सेटच्या पीटीटी एकत्र पिळल्या की कोणताही सेट लिनिअर ओढू शकतो, मग केबलचा स्विच कुठेही असो. स्विच पहिल्या सेटवर, हात चुकून दुसऱ्याच्या माइकवर. दुसरा सेट बंद तोंडात शंभर वॅट ढकलतो आणि लिनिअर मात्र त्याच्या हुकमाने उठून बसतो.

आणि लिनिअर जुना, व्हॉल्व्हचा असेल तर? हीथकिटच्या एसबी-२२०सारख्या त्या काळातल्या यंत्रांत रिलेच्या तारेवर सव्वाशेच्या आसपास व्होल्ट उभे असतात. ज्या काळी सेटच्या आत रिलेचे जाड काटे असत, त्या काळी ते चालून गेलं. आजच्या सेटमध्ये त्या जागी बोटाच्या पेराहून लहान ट्रान्झिस्टर असतो. त्याला ही तार थेट जोडणं म्हणजे त्याचा जीव घेणं आहे. मध्ये एक रीड रिले किंवा ऑप्टोकपलर घातला की काम भागतं. खर्च एका जेवणाचा. तरीही लोक थेट जोडतात आणि वर म्हणतात, हल्लीचे सेट नाजूक झालेत. सेट नाजूक नाहीत, आपण वाचत नाही.

तिसरी तार एएलसीची. लिनिअरने सेटला ''जरा कमी बोल'' असं सांगायची ही वाट. प्रत्येक कंपनीचा व्होल्टेजचा पल्ला वेगळा. तीन सेटच्या एएलसी एकत्र बांधल्या की एकाचं सांगणं दुसऱ्याच्या कानावर पडतं आणि आवाज फाटतो. माझा सल्ला एकच: ती तार काढून ठेवा. प्रत्येक सेटची पॉवर त्या सेटवरच कमी करून लावा आणि सेटवर चिठ्ठी चिकटवा की लिनिअरसाठी इतकेच वॅट. त्यातही सावध राहा. काही सेट तीस वॅटवर लावलेले असले तरी बोलण्याच्या पहिल्या काही मिलिसेकंदांत पुरा शंभराचा झटका देतात. व्हॉल्व्ह तो सोसतो. ट्रान्झिस्टरचा लिनिअर सोसेलच असं नाही.

वेळेचंही तसंच. साध्या रिलेला एका अंगावरून दुसऱ्या अंगावर जायला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात. तेवढ्यात सेटमधून पॉवर निघाली तर काटे हवेत असतानाच ठिणगी पडते आणि रोज थोडे थोडे जळतात. बहुतेक नव्या सेटच्या मेन्यूत ट्रान्समिटला उशीर लावायची सोय असते. वीस-पंचवीस मिलिसेकंद लावा. तीन सेट असतील तर तिन्हींवर लावा, कारण लिनिअरला कोणता सेट बोलतोय ते कळत नाही. त्याला ठिणगीच कळते.

आता छपराकडे बघा. आमच्याकडे घर आणि कडुनिंब यांच्यामध्ये एक डायपोल अँटेना, आणि जागा आहे म्हणून दहा मीटर अंतरावर दुसरा. आत स्विच कितीही चांगला असला तरी बाहेर दोन तारा एकमेकींना ऐकतात. त्यांच्यात वीस डेसिबलचाच अडसर असेल तर चारशे वॅटमधले चार वॅट दुसऱ्या सेटच्या रिसीव्हरमध्ये उतरतात. ज्याने आत हजारांचा स्विच लावला आणि बाहेर दुसरा सेट वेगळ्या अँटेनावर चालू ठेवला, त्याने कुलूप लावून खिडकी उघडी टाकली.

उपाय अवघड नाही, म्हणून तर संताप जास्त. पत्र्याची एक पेटी. सेटसाठी तीन एसओ-२३९ सॉकेट, लिनिअरसाठी चौथं. १२ व्होल्टचे चांगल्या प्रतीचे तीन रिले. दोन पोल आणि तीन पोझिशनचा एक रोटरी स्विच. एक पोल रिले ओढतो, दुसरा त्याच सेटची पीटीटी लिनिअरकडे सोडतो. न निवडलेल्या सेटची केबल रिलेमधून जमिनीला टेकलेली, त्याची पीटीटी कुठेच न पोचणारी, आणि सेटमध्ये ट्रान्समिट रोखायची सोय असेल तर तीही याच नॉबला बांधलेली. वीज गेली की तिन्ही सेट आपोआप सुटे. सगळ्या पेट्यांची जमीन एका तांब्याच्या पट्टीवर. आधी डमी लोडवर दहा वॅटने तपासा, मग वाढवा. नियम एवढाच: सिग्नल आणि हुकूम एकाच नॉबवर. दोन नॉब ठेवलेत तर एक दिवस ते दोन वेगळ्या सेटकडे तोंड करून बसतील आणि तुमचं लक्ष नसेल.

हेही जमत नसेल तर केबल हाताने काढा आणि दुसऱ्या सेटला लावा. महिन्यातून दोनदा लिनिअर लावणाऱ्याला यात काही कमीपणा नाही. त्याने पैसे आणि सेट दोन्ही वाचतात.

मुळात लिनिअरचा हा हव्यास कशासाठी? आपल्याकडे सर्वसाधारण परवान्यावर ४०० वॅटची मर्यादा आहे, मर्यादित परवान्यावर ५० वॅटची. पन्नास वॅटवाल्याला तर साधा शंभर वॅटचा सेटही कमी करून चालवायचा आहे. लिनिअर त्याच्यासाठी नाहीच. आणि अमेरिकेतल्या दीड हजार वॅटच्या मर्यादेसाठी बनवलेली यंत्रं टेबलावर ठेवून फोटो काढणाऱ्यांनी स्वतःचा परवाना एकदा तरी उघडून वाचावा. शंभराचे चारशे वॅट केले की मिळतात सहा डेसिबल. समोरच्याच्या मीटरवर तो एक एस-युनिटचा फरक. त्याहून जास्त फरक अँटेना उंच चढवून पडतो, पण झाडावर चढायला कोणी तयार नाही.

परीक्षेत रेडिओचा सिद्धांत आणि नियम असे दोन भाग असतात, सर्वसाधारण परवान्याला मिनिटाला आठ शब्दांचा मोर्सही. तेवढं पास होऊन हातात कॉलसाइन आला की शिकणं संपलं, असं आम्ही ठरवून टाकलं. केबलचं टोक नीट सोल्डर करता येत नाही आणि गप्पा दीड किलोवॅटच्या.

मी हे इतकं ताणून का लिहितो, ते सांगतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरली तेव्हा हॅम लातूरकडे धावले होते. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा हैदराबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ अमॅच्युअर रेडिओची मंडळी, भारती प्रसाद यांच्यासह, पोर्ट ब्लेअरमध्ये सेट लावून बसलेलीच होती आणि अंदमानातून मुख्य भूमीशी बोलायचा आधार त्यांनी दिला. आमच्या आदिलाबादच्या शेजारच्या निर्मल जिल्ह्यात जुलै २०२२ मध्ये कडेम धरणात त्याच्या दरवाजांना झेपणार नाही इतकं पाणी आलं आणि खालची गावं रिकामी करावी लागली. आमच्या भागात पावसाळ्यात ओढे भरले की उटनूर-इंद्रवेल्लीच्या डोंगरातली वस्ती तुटते, आणि वीज तर पहिल्या सरीलाच जाते.

अशा दिवशी लिनिअर काय करतो? काही नाही. त्याला घरातला २३० व्होल्टचा प्लग लागतो. शंभर वॅटचा सेट मात्र ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चालतो, बोलताना वीसेक अँपिअर ओढतो आणि ऐकताना अगदी थोडे. त्या दिवशी स्टेशन म्हणजे तो सेट आणि झाडाला टांगलेली तार, एवढंच. आपण चैनीच्या यंत्रासाठी कामाचं यंत्र पणाला लावतो आणि टी-कनेक्टर लावून पैसे वाचवायला बघतो. इथे सेट जळाला तर तो दुरुस्त करणारा माणूस आदिलाबादेत नाही. नागपूर-हैदराबाद रस्त्याने तीनशेक किलोमीटर हैदराबादला जायचं, मग भाग परदेशातून येईपर्यंत थांबायचं. तेवढ्यात एक पावसाळा निघून जातो. माझा निघून गेला.

माझी पेटी आता तयार आहे. तीन रिले, एक नॉब. तिसऱ्या सॉकेटवर टोपी आहे, कारण तिथे लागणारा सेट बहिरा होऊन शेजारी पडलाय. तो मित्र पुन्हा येणार आहे. या वेळी त्याची केबल पेटीत लागेल, नाहीतर लागणार नाही. टी-कनेक्टर खिशातून निघाला तर मी आधी लिनिअरचा प्लग काढणार आहे, आणि वीस वर्षांचा हिशेब ऐकून घेणार नाही.