दोष ओळखणे हीच खरी विद्या

यंत्राचा जुना भाग काढून नवा बसविणे थोड्या सरावाने कोणासही साधते. परंतु बिघाड नेमका कोठे आहे व तो का उद्भवला हे सांगणे, हे विद्येचे काम होय. मोटारीचे स्टिअरिंग व सस्पेन्शन, म्हणजे गाडी वळविणारी आणि धक्के सोसणारी यंत्रणा, ह्यांच्या दुरुस्तीचे शिक्षण घेताना हा भेद पदोपदी प्रत्ययास येतो. असे असता, अभ्यासात मागे पडलेल्या मुलास गॅरेजात घालावे, अशी समजूत आपल्या समाजात अद्याप दृढ आहे. ती समजूत चुकीची आहे, इतकेच नव्हे तर घातकही आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आपल्या देवळाली प्रवरेच्या परिसरात हा प्रश्न दूरचा नाही. उसाचा हंगाम सुरू झाला की भरलेले ट्रक व ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रंदिवस रस्त्याने जातात. पूर्वी बैलगाडीचा कणा व आरे गावचा सुतार पाही, धनी वंगण घाली, आणि गाडी वळविण्याचे काम बैलच करीत. पुढे मोटारी आल्या. दिनांक १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली बस आपल्याच जिल्ह्यातून, नगर ते पुणे अशी, धावली. तेव्हापासून रस्त्यावरील शेकडो जिवांचा भार चालकाइतकाच मिस्त्रीच्या हातावर आला आहे.

ह्या विद्येचा पाया शाळेतच घातला जातो. वळणावर आतले चाक लहान वर्तुळात व बाहेरचे मोठ्या वर्तुळात फिरते. म्हणून आतले चाक अधिक कोनात वळावे लागते. ही युक्ती म्युनिकच्या लांकेनश्पर्गर ह्या गाडी बनविणाऱ्या कारागिराची. तिचे पेटंट १८१८ मध्ये लंडनमध्ये ॲकरमन ह्यांनी घेतले. कमानीचे पाटे भाराच्या प्रमाणात वाकतात, हा तर रॉबर्ट हूकचा नियम. भूमिती व पदार्थविज्ञान ज्याने मन लावून केले, त्यास ह्या यंत्रणेचे मर्म लवकर उमगते.

आता परीक्षेची रीत पाहा. जाणता मिस्त्री पान्यास हात घालण्यापूर्वी टायर वाचतो. टायर दोन्ही कडांना झिजला असेल तर हवा कमी. मध्येच झिजला असेल तर हवा अधिक. एकाच कडेस झिजला असेल तर चाकाचा कल बिघडलेला. आणि हात फिरविताना करवतीसारखे दाते लागले तर पुढील दोन चाके परस्परांशी सरळ नाहीत, असे तो अनुमान करतो. मग चाक जॅकवर उचलून वर-खाली धरून हलवितो. चाक हलले तर दोष बेअरिंगचा, की किंगपिनचा वा बॉल जॉइंटचा? तो सोबत्यास ब्रेक दाबावयास सांगतो. ब्रेक दाबताच हालणे थांबले तर दोष बेअरिंगचा. न थांबले तर दुसऱ्यांचा. डावी-उजवीकडे धरून चाक हलले तर टायरॉडच्या सांध्यांकडे दृष्टी वळते. ह्यास अवजार थोडे आणि विचार फार लागतो.

ज्यास हे येत नाही, तो काय करतो? गाडी एका बाजूस ओढते म्हणून आज एक भाग बदलतो, उद्या दुसरा. वस्तुतः एका चाकात हवा कमी असते किंवा एक ब्रेक धरून राहिलेला असतो. पाटा मध्यभागी तुटला की नवा घालतो. पण यू-बोल्ट ढिले राहिल्यामुळे तो तुटला हे न पाहिल्याने नवाही तुटतो. नवा टायरॉड घालून अलाइनमेंट न केल्यास नवे टायरही अल्पावधीत झिजतात. गाडीवाल्या शेतकऱ्याचा पैसा जातो, हे एक. परंतु झिजलेला सांधा भर वेगात निसटला तर स्टिअरिंग हातात असूनही चाके ऐकत नाहीत, आणि मग जाते ते परत मिळत नाही.

कोणी म्हणेल, हल्ली संगणक दोष दाखवितो. संगणक कोन मोजतो, हे खरे. पण तो कोन का बिघडला हे माणसासच शोधावे लागते. विजेवर चालणाऱ्या मोटारीसही टायरॉड व स्प्रिंगा असतातच. आणि निर्मात्याच्या पुस्तकातील मापे वाचून, बोल्ट नेमका किती आवळावा हे समजण्यास अक्षरज्ञान व गणित हवेच.

पालकांस विनंती ही की, दहावीनंतर औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील मोटर मेकॅनिकच्या दोन वर्षांच्या शिक्षणक्रमाकडे पराभवाची वाट म्हणून पाहू नका. आपल्या जिल्ह्यातच वाहननगर येथे संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. गॅरेजातील प्रश्न आणि तेथील प्रश्न एकाच जातीचे आहेत.

विद्यार्थिमित्रहो, कारण सापडल्यावाचून उपाय करू नये, हा धडा वैद्यास, न्यायाधीशास व शिक्षकास सारखाच लागू आहे. मिस्त्री तो रोज गिरवितो. त्याचे काळे हात पाहून नाक मुरडण्यापूर्वी, आपण बसलेली गाडी त्याच हातांच्या भरवशावर धावत आहे, एवढे ध्यानात असू द्यावे.