अव्वा शिकली का?

सध्या माझ्या तोंडी एकच क्रियापद आहे, ‘एस्तुद्यार’. स्पॅनिशमध्ये अभ्यास करणं, शिकणं. रात्री साडेआठला ऑनलाइन क्लास. मॅडम पुण्यात आणि मी सोलापुरात, पूर्व भागातल्या आमच्या घराच्या जिन्यावर. रेंज तिथंच येते ना!

क्रियापद तसं गुणी आहे. ‘एस्तूद्यो’ म्हणजे मी अभ्यास करतो किंवा करते, बाई-पुरुष भानगडच नाही. ‘मी’सुद्धा लावावा लागत नाही, शेवटावरून कळतं. एस्तूद्यास, तू करतेस. एस्तूद्या, ती करते.

होमवर्क होतं, घरच्यांवर पाच वाक्यं. पाचवं अव्वावर, म्हणजे आजीवर. (आम्ही तेलुगू घरातले. स्पॅनिशमध्ये आजी ‘अब्वेला’, म्हणजे अर्धं काम आधीच झालेलं!) मी ऐटीत म्हटलं, ‘मि अब्वेला नो एस्तूद्यो.’ मॅडम हसल्या. म्हणे, याचा अर्थ ‘माझी आजी मी अभ्यास करत नाही’. जोर शेवटी द्या, ‘एस्तुद्योऽ’, तेव्हा भूतकाळ होतो. आता मराठीत जोर कुठं दिला म्हणून कधी काळ बदललाय का?

दहा वेळा घोकलं. खाली बसलेली अव्वा ओरडली, “काय बडबडायलीस गं?”

“अव्वा शिकली नाही, असं म्हणतेय.”

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, “शाळेत गेले नाही. शिकले नाही म्हणून कोण सांगितलं तुला?”

खरंच की! दिवसाला हजार विड्या वळत या बाईने घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारणींशी हिंदी चालवली. आणि मी, मास कॉमची डिग्रीवाली, तिच्यावर ‘नो’ लावून मोकळी झाले. मराठीत दोन्हीला ‘शिकणं’च म्हणतो आपण. स्पॅनिशमध्ये पुस्तक घेऊन बसणं ते एस्तुद्यार, आणि प्रत्यक्ष येऊ लागणं ते ‘आप्रेंदेर’.

दुसऱ्या दिवशी वाक्य वाढवलं, ‘मि अब्वेला नो एस्तुद्योऽ, पेरो आप्रेंद्योऽ क्वात्रो इदिओमास.’ शाळा शिकली नाही, पण चार भाषा शिकली. मॅडमनी विचारलं, कुठल्या चार? मी मोबाइल अव्वाकडे फिरवला. तिने बोटं मोजत चारही सांगितल्या आणि वर विचारलं, “पाचवीची फी किती घेता?”