वाटी तीच, माप तिप्पट!

मैत्रिणींनो, ‘एक वाटी तांदूळ’ आणि ‘एक वाटी भात’ यांत आपली कधी गल्लत होते का? शक्यच नाही! वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने १९८७ मध्ये आणलेला इंद्रायणी आपल्या घरोघरी शिजतो. कच्च्याला तांदूळ, शिजल्यावर भात, शब्दच वेगळे.

इंग्रजीत मात्र दोन्हीला ‘राइस’. तिथे सगळी भिस्त शब्दांच्या जागेवर! ‘वन कप कुक्ड राइस’ म्हणजे शिजलेला भात कपभर. ‘वन कप राइस, कुक्ड’ म्हणजे कपभर कच्चे तांदूळ मोजून मग शिजवायचे. तांदूळ शिजून साधारण तिप्पट होतो. मग पदार्थ बिघडला की सुनेच्या हाताला चव नाही म्हणायचं, हे बरं नव्हे!

आकड्यांचंही तसंच. लोणावळ्याच्या चिक्कीच्या दुकानात ‘टू हाफ केजी पॅकेट्स’ म्हणजे अर्ध्या किलोची दोन पाकिटं, एकूण एक किलो. मध्ये एक ‘अँड’ शिरला की झाले अडीच किलो!

चिक्की जास्त आली तर शेजारी वाटता येईल. पण बाळाला जुलाब लागले आणि घरात ओआरएसचं पाकीट नसलं तर? साखर-मिठाच्या पाण्याचं माप ठरलेलं आहे : एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. इंग्रजीत हा अर्धा ‘वन हाफ’ असाही लिहितात. घाईत तो ‘वन अँड अ हाफ’ वाचला, तर मीठ तिप्पट! जास्त मीठ तान्ह्या जिवाला घातक ठरू शकतं.

म्हणून मला वाटतं, पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द मुलांच्या तोंडी राहिलेच पाहिजेत. इंग्रजी शाळेत घातलं म्हणून ते विसरायला कशाला हवेत? दीड म्हटलं की कुणी अर्धा ऐकत नाही. इंग्रजीही जरूर शिकावं, पण ते वाचताना कुठला शब्द कुठे बसलाय, हे मुलांना स्वयंपाकघरातच दाखवावं. आणि औषधाच्या बाटलीवरचं माप नीट कळलं नाही, तर अंदाज न करता डॉक्टरांना विचारावं. त्यात कसली आलीय लाज?